डायर बेटावरील पेंग्विन: बेटावर उतरता येते का, आणि कृत्रिम घरट्यांनी नेमके काय साधते?

येत्या वर्षी केप टाउनला जाणाऱ्या एका कुटुंबाने विचारले आहे की, गान्सबायजवळच्या डायर बेटावर उतरून पेंग्विन पाहता येतील का. त्यालाच जोडून दुसरा प्रश्न आहे: त्या बेटावर पेंग्विनसाठी सिरॅमिकची घरटी बसवली जातात, सोडून दिलेली पिल्ले हाताने वाढवली जातात, तरीही त्यांची संख्या घटतच का आहे? दक्षिण आफ्रिकेच्या या किनाऱ्यावरील समुद्री पक्ष्यांच्या वसाहतींमध्ये मी बरीच वर्षे काम केले आहे. दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली असल्याने ती एकत्रच देतो.

बेटावर उतरता येत नाही. डायर बेट हे वेस्टर्न केप प्रांताच्या केपनेचर या संस्थेच्या देखरेखीखालील निसर्ग राखीव क्षेत्र असून तेथे केवळ कर्मचारी आणि परवानाधारक संशोधक जाऊ शकतात. क्लाइनबाय या छोट्या बंदरातून पर्यटकांच्या बोटी निघतात, बेटाला वळसा घालतात आणि परत येतात. बेट जेमतेम वीस हेक्टरांचे, इतके सपाट की थोड्या अंतरावरून ते लाटांच्या रेषेत हरवून जाते. शेजारीच गायझर खडक आहे, जेथे केप फर सीलची हजारोंची वसाहत आहे. या दोहोंमधील अरुंद पाण्याला शार्क अ‍ॅली म्हणतात. २०१७ मध्ये दोन ओर्कांनी, म्हणजे किलर व्हेलनी, पांढऱ्या शार्कची शिकार सुरू केल्यापासून तेथे तो मासा क्वचितच दिसतो, ही गोष्ट तिकीट काढण्यापूर्वी माहीत असलेली बरी. ही दोन्ही बेटे मिळून २०१९ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहेत.

उतरण्यावरील बंदी अनेकांना जाचक वाटते, म्हणून तिचे कारण सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. माणूस चालत आला की केप पाणकावळ्यांचा थवा घरट्यांवरून एकदम उठतो. त्या क्षणाची वाट पाहत बसलेले केल्प कुरव काही सेकंदांत उघडी अंडी आणि लहान पिल्ले उचलतात. पेंग्विन उडत नाहीत, पण अंड्यावर बसलेला पेंग्विन घाबरून घरट्याबाहेर पडला तर त्याच्या अंड्याचीही तीच गत होते. बिळे पोकळ जमिनीत असल्याने पायाखाली ती ढासळतात. याशिवाय बुटांच्या तळव्यांतून रोग आणि सामानातून उंदीर येण्याची भीती असते. संशोधकांनाही म्हणूनच बूट निर्जंतुक करूनच बेटावर पाऊल ठेवावे लागते, ठरलेल्या वाटांवरूनच चालावे लागते, आणि घरट्यापाशी थांबण्याचा वेळ शक्य तितका कमी ठेवावा लागतो. २०२१ च्या अखेरीस बर्ड फ्लूची साथ आली तेव्हा वेस्टर्न केपमध्ये हजारो केप पाणकावळे मेले आणि डायर बेटाला त्याचा सर्वांत मोठा फटका बसला. संसर्ग पसरू नये म्हणून कर्मचाऱ्यांनी दिवसेंदिवस मृत पक्षी उचलून बेटाबाहेर काढले. आधीच दाट वस्ती असलेल्या अशा जागी एखादा रोग किती वेगाने फिरतो, हे ज्याने पाहिले आहे तो पर्यटकांसाठी धक्का बांधण्याची सूचना करणार नाही.

कोकणातील वाचकांना हे सारे परके वाटू नये. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर सुरय (टर्न) पक्षी वीण करतात आणि तेथील गुहांत पाकोळ्या घरटी बांधतात. त्या घरट्यांची चोरटी विक्री चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने उघडकीस आणली होती. माणसाला तेथे सहज पोहोचता येत नाही, एवढीच अशा लहान बेटांची खरी तटबंदी असते.

डायर बेटाच्या बाबतीत ही तटबंदी फार पूर्वीच मोडली होती, आणि घरट्यांच्या प्रश्नाचे मूळ तेथे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतून आलेला सॅमसन डायर या बेटावर राहून सीलची कातडी आणि पक्ष्यांची साचलेली विष्ठा, म्हणजे ग्वानो, गोळा करीत असे. त्याच्याच नावाने बेट ओळखले जाते. १८४० च्या दशकात नामिबियाच्या किनाऱ्यावरील इचाबो बेटावर ग्वानोसाठी शेकडो जहाजे लोटली आणि त्यानंतर केपच्या किनाऱ्यावरील बेटेही खरवडली गेली. युरोपातील शेतीला खत हवे होते आणि शतकानुशतके साचलेला हा थर त्यांना फुकट मिळत होता. पुढे सरकारी देखरेखीखाली हे काम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत चालू राहिले. थर खडकापर्यंत निघून गेला.

आफ्रिकी पेंग्विन त्या थरातच बीळ खोदत असे. उन्हाळ्यात आत गारवा, पावसात कोरडेपणा, आणि वरून झेप घेणाऱ्या कुरवापासून आडोसा, या तिन्ही गोष्टी त्याला एकाच जागी मिळत. थर गेल्यावर तो उघड्यावर किंवा विरळ झुडपांखाली अंडी घालू लागला. या पक्ष्याच्या अंगावर दाट, जलरोधक पिसे असतात, कारण त्याचे शरीर बेंगुएला प्रवाहाच्या थंड पाण्यासाठी घडले आहे. जमिनीवर उन्हात बसल्यावर तीच पिसे त्याच्या जिवावर उठतात. डोळ्यांच्या वरच्या गुलाबी, उघड्या कातडीकडे रक्त धावते आणि तेथून उष्णता बाहेर पडते, पण दुपारच्या उन्हात एवढ्याने भागत नाही. पक्षी तोंड उघडून धापा टाकतो, आणि शेवटी अंडी सोडून पाण्याकडे जातो. तो परत येईपर्यंत अंडे उन्हात भाजून निघते किंवा कुरव ते घेऊन जातो. जोडी एका विणीत साधारणतः दोनच अंडी घालते आणि ती सुमारे चाळीस दिवस नर-मादी आळीपाळीने उबवतात. अशा वेळी एक तापलेली दुपार किती महाग पडते, हे वेगळे सांगायला नको.

अंड्यांचीही लूट झाली. १९०० ते १९३० या काळात केपच्या बेटांवरून पेंग्विनची सुमारे १ कोटी ३० लाख अंडी खाण्यासाठी गोळा केली गेल्याचा अंदाज आहे. ही प्रथा १९६० च्या दशकाच्या अखेरीस बंद झाली. डायर बेटावर १९७० च्या दशकाच्या शेवटी पेंग्विनच्या बावीस हजारांहून अधिक जोड्या होत्या, आज त्या हजाराच्या आसपास उरल्या आहेत. म्हणजे अंडी गोळा करणे थांबल्यानंतर घसरण संपली नाही. उलट बेटावर सर्वाधिक कडक संरक्षण आले त्याच दशकांत हा पक्षी सर्वाधिक वेगाने कमी झाला. माझ्या मते या संपूर्ण विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि बेटाकडेच पाहत राहिल्याने ती नजरेतून सुटते.

आता कृत्रिम घरट्यांविषयी. सुरुवातीच्या काळात लाकडी पेट्या, सिमेंटचे अर्धगोल, फायबरग्लासची बिळे असे बरेच प्रकार वापरून झाले. फायबरग्लासचे घरटे हलके असते, बोटीतून नेणे सोपे असते, पण उन्हात त्याच्या आतली हवा चैत्र-वैशाखात पत्र्याच्या छपराखाली तापते तशी तापते. काही बेटांवर त्यांचा उपयोग झाला, काही ठिकाणी पक्ष्यांनी ती चक्क नाकारली. यातून शिकून २०१८ च्या सुमारास नवे घरटे आले. त्यात सिरॅमिकचा पातळ लगदा मुरवलेले जाड कापड साच्यावर बसवून घट्ट केले जाते, असे दोन थर एकात एक ठेवले जातात, मध्ये हवेची पोकळी राहते आणि वरून पांढरट रंग दिला जातो. हवा खेळण्यासाठी छिद्रे असतात. पुढचे तोंड इतकेच मोठे ठेवले जाते की पेंग्विन आत जाईल, पण कुरवाला आतपर्यंत पोहोचता येणार नाही. घरटे ठेवताना त्याचे तोंड वाऱ्याच्या कोणत्या दिशेला आहे, पावसाचे पाणी कोठून वाहते, आणि शेजारचे घरटे किती अंतरावर आहे याचा विचार करावा लागतो, कारण पेंग्विन वसाहतीत राहत असला तरी चोचीच्या अंतरात आलेल्या शेजाऱ्याशी भांडतो.

ही घरटी उपयोगी आहेत. चांगल्या घरट्यात अंडी फुटून पिल्लू बाहेर येण्याचे आणि ते सुरुवातीचे आठवडे तगण्याचे प्रमाण उघड्यावरील घरट्यांपेक्षा वाढते, आणि जुना थर पुन्हा साचायला लागणारी शतके आपल्यापाशी नाहीत. परंतु घरटे पिल्लाला खाऊ घालत नाही. पहिला महिनाभर आईवडिलांपैकी एकजण पिल्लापाशी थांबतो आणि दुसरा समुद्रात जातो. पुढे पिल्लाची भूक वाढली की दोघांनाही जावे लागते. विणीच्या काळात पेंग्विन बेटापासून साधारणतः वीस ते चाळीस किलोमीटरच्या आतच मासे शोधतो, कारण त्याला पोहत जाऊन पोहतच परत यायचे असते. गॅनेटसारखा उडणारा पक्षी माशांच्या मागे दूरवर जाऊ शकतो, पेंग्विनला ती सोय नाही. त्याचे मुख्य अन्न सार्डिन आणि अँचोव्ही. सार्डिन म्हणजे आपल्या तारलीचीच जातभाई. हे थवे बेटाजवळ नसतील तर घरटे कितीही थंड असो, पिल्लू त्यात उपाशी मरते.

पिल्लू उपाशी आहे हे कळते कसे, असा प्रश्न पडू शकतो. पिल्लाच्या डोक्याची लांबी हाडांच्या वाढीनुसार वाढत जाते, वजन मात्र मिळालेल्या अन्नावर अवलंबून असते. म्हणून दोन्ही मोजून त्यांची तुलना केली की कोणते पिल्लू वयाच्या मानाने हडकुळे आहे हे लगेच दिसते. प्रौढ पक्षी कोठे चरतात हे पाठीवर चिकटपट्टीने काही दिवस लावलेल्या लहान जीपीएस नोंदयंत्रांतून समजते. वर्षानुवर्षे केलेल्या अशा मोजणीतूनच हे स्पष्ट झाले की, विसाव्या शतकाच्या अखेरीपासून सार्डिन आणि अँचोव्हीचे थवे पश्चिम किनाऱ्यावरून दक्षिण-पूर्वेकडे, अगुल्हास भूशिराच्या पलीकडे सरकले. पाण्याचे तापमान आणि क्षारता बदलणे हे एक कारण, आणि मोठ्या प्रमाणावरील मासेमारी हे दुसरे. बेटे मात्र जागच्या जागी राहिली, आणि पक्षीही, कारण हा पक्षी एकदा वसलेली वसाहत सहसा सोडत नाही.

या मासेमारीत पर्ससीन जाळ्यांचा वापर होतो, आणि त्यावरून पेटणारे वाद महाराष्ट्राच्या किनाऱ्याला चांगले परिचित आहेत. केपच्या समुद्रात ही जाळी नेमकी त्याच थव्यांना वेढतात ज्यांवर पेंग्विन, पाणकावळे आणि गॅनेट जगतात. २००८ पासून काही बेटांभोवती आलटून पालटून मासेमारी बंद ठेवण्याचा प्रयोग करण्यात आला. परिणाम किरकोळ आहे असे एका बाजूचे म्हणणे होते, दुसऱ्या बाजूचे म्हणणे होते की दरवर्षी थोडी थोडी पडणारी भर अनेक वर्षांत निर्णायक ठरते. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या समितीने बंदीचा लाभ होतो हे मान्य केले, तरी प्रत्यक्षात आखलेली क्षेत्रे पेंग्विनच्या खऱ्या चराऊ पाण्याशी जुळत नव्हती. अखेर बर्डलाइफ साउथ आफ्रिका आणि सॅनकॉब या दोन पक्षिसंवर्धन संस्था न्यायालयात गेल्या, आणि मार्च २०२५ मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाच्या आदेशाने डासेन, रॉबेन, स्टोनी पॉइंट, डायर, सेंट क्रॉय आणि बर्ड या सहा वसाहतींभोवती दहा वर्षांसाठी मासेमारीबंदीची क्षेत्रे निश्चित झाली. हा आदेश मासेमारी उद्योगाशी झालेल्या समझोत्यातून निघाला, ही मला विशेष आशादायक बाब वाटते. समुद्रातली रेषा पाळली जाते की नाही हे रोज तपासत राहणे शक्य नसते, ती पाळणाऱ्याला मान्य असावी लागते.

प्रौढ पक्ष्यांच्या मृत्यूंकडे लक्ष जाणे आणखी महत्त्वाचे आहे. पेंग्विन वर्षातून एकदा सगळी पिसे एकाच वेळी बदलतो. या सुमारे तीन आठवड्यांत पिसे जलरोधक नसल्याने तो पाण्यात जाऊ शकत नाही, म्हणजे खाऊही शकत नाही. त्याआधी काही आठवडे भरपूर खाऊन तो चरबी साठवतो आणि उपवासात जवळजवळ निम्मे वजन गमावतो. साठा अपुरा असेल तर तो याच काळात मरतो, किंवा पिसे येताच अशक्त अवस्थेत समुद्रात जाऊन तेथे संपतो. डासेन आणि रॉबेन बेटांवर २००४ मध्ये वीण करणाऱ्या पेंग्विनपैकी सुमारे ९५ टक्के पुढील आठ वर्षांत नाहीसे झाल्याचे अलीकडच्या अभ्यासात मांडले गेले आहे, आणि त्यामागे सार्डिनच्या तुटवड्यामुळे झालेली उपासमार असल्याचा निष्कर्ष आहे. हा पक्षी चार-पाच वर्षांचा झाल्यावर वीण करू लागतो आणि वीस वर्षांहून अधिक जगू शकतो. त्यामुळे अनुभवी प्रौढ पक्षी गमावल्यावर वसाहत सावरायला दशके लागतात, आणि कितीही घरटी बसवली तरी ती भरणारे पक्षीच उरत नाहीत.

हाताने पिल्ले वाढवण्याचा उपाय या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा. वर्षाच्या शेवटी आईवडील पिसे बदलायला लागले की उशिरा जन्मलेली पिल्ले मागे राहतात. अशी पिल्ले बेटावरून उचलून पुनर्वसन केंद्रात आणली जातात, त्यांना मासे भरवले जातात, वजन आणि पिसे पुरेशी झाली की परत सोडले जाते. अशी पिल्ले पुढे रानात वाढलेल्या पिल्लांइतकीच जगतात असे नोंदींवरून दिसते, म्हणून हे काम व्यर्थ नाही. २००० साली ट्रेझर जहाज बुडून तेल सांडले तेव्हा सुमारे १९,००० तेलाने माखलेले पेंग्विन स्वच्छ करण्यात आले आणि जवळपास तितकेच निरोगी पक्षी दूर पोर्ट एलिझाबेथजवळ नेऊन सोडले गेले, जेणेकरून ते पोहत परत येईपर्यंत पाणी साफ व्हावे. ते परत आलेही. पक्ष्याला वाचवण्याची विद्या या किनाऱ्यावर फार पुढे गेलेली आहे. पण पिल्लू जेथे सोडायचे त्या पाण्यात मासे नसतील, तर आपण त्याला निरोगी करून उपासमारीकडे परत पाठवत आहोत. म्हणूनच डे हूप निसर्ग राखीव क्षेत्रात, जेथे माशांचे थवे आता अधिक असतात, तेथे पेंग्विनच्या प्रतिकृती आणि ध्वनिमुद्रित आवाज वापरून नवी वसाहत वसवण्याचा प्रयत्न सुरू झाला. तेथे कॅराकलसारख्या शिकारी मांजरांना अडवणारे कुंपण घालावे लागले. मुख्य भूमीवरील वसाहतीची ही अडचण बेटावर नसते.

प्राणिसंग्रहालयातील पैदास हाही उपाय सुचवला जातो. मुंबईच्या भायखळ्यातील राणीच्या बागेत २०१६ मध्ये आलेले हम्बोल्ट पेंग्विन हे आफ्रिकी पेंग्विनचे जवळचे नातलग, आणि पेरू-चिलीच्या बेटांवर त्यांचीही बिळे ग्वानोच्या उकरणीत गेली. बंदिवासात आफ्रिकी पेंग्विनची पैदास चांगली होते, जगभर होते. रानातील संख्या घटण्याचे कारण मात्र पैदाशीतील अपयश नसून अन्नाचा अभाव असल्याने त्या मार्गाने हा प्रश्न सुटत नाही. संपूर्ण जातीच्या रानात दहा हजारांहून कमी जोड्या उरल्या आहेत, त्या केवळ दक्षिण आफ्रिका आणि नामिबियात, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये संकटग्रस्त जातींच्या जागतिक यादीत तिला अतिसंकटग्रस्त ठरवण्यात आले.

डायर बेटावरील इतर पक्ष्यांचा उल्लेख न करता थांबणे अन्यायाचे होईल, कारण बोटीतून पेंग्विनपेक्षा तेच अधिक दिसतील. केप पाणकावळ्यांच्या रांगा, काळे आफ्रिकी ऑयस्टरकॅचर, आणि हंगामात सुरय. लीच वादळपाखरू या लहानशा, रात्रीच घरट्याकडे येणाऱ्या पक्ष्याची मोजकी घरटी बेटावरील जुन्या दगडी भिंतींच्या फटींत आहेत. तो उत्तर गोलार्धात वीण करणारा पक्षी असल्याने येथील त्याचे अस्तित्व विलक्षण आहे. पडक्या भिंती पाडून बेट स्वच्छ करावे अशी सूचना कोणी केली तर मी तिला ठाम विरोध करीन.

प्रवासासाठी माझा सल्ला असा. पेंग्विन जवळून पाहायचे असतील तर सायमन्स टाउनजवळील बोल्डर्स आणि बेटीज बेमधील स्टोनी पॉइंट या मुख्य भूमीवरील वसाहतींना जावे. तेथे लाकडी पुलांवरून, पक्ष्यांच्या वाटेत न येता पाहता येते. बोल्डर्सला गाडी काढण्यापूर्वी चाकांखाली वाकून पाहावे, कारण सावलीसाठी पेंग्विन खरोखरच तेथे बसतात. त्यानंतर एक दिवस गान्सबायसाठी ठेवावा. केप टाउनहून गाडीने दोन-अडीच तास लागतात. क्लाइनबाय येथील पुनर्वसन केंद्र पर्यटकांसाठी खुले असते आणि मुलांना तेथे बोटीपेक्षा अधिक समजते असा माझा अनुभव आहे. जुलै ते नोव्हेंबर या काळात गेल्यास सदर्न राइट देवमासेही दिसतात. समुद्र खवळलेला असतो, म्हणून बोट लागण्यावरील गोळी आधीच घ्यावी. नोव्हेंबर ते जानेवारीत किनाऱ्यावर एखादा विस्कटलेल्या पिसांचा, मलूल दिसणारा पेंग्विन एकटाच उभा दिसला, तर तो आजारी आहे असे समजून त्याला पाण्याकडे हाकलू नये. तो बहुधा पिसे बदलत असतो आणि पाण्यात गेला तर गारठून मरेल. कुत्री आणि मुले दूर ठेवावीत, आणि अंगावर जखम किंवा तेल दिसत असेल तरच जवळच्या पुनर्वसन केंद्राला कळवावे.